हॅलोबाई आणि जिन्यातलं खोकं

आमच्या ऑफिसात सगळे त्यांना हॅलोबाई म्हणतात. दोन महिन्यांच्या बदलीवर म्हणून आल्या त्याला आता एकतीस वर्षं झाली. काम एकच, फोन उचलायचा. आम्ही लिफ्ट दुरुस्त करणारे लोक. शहरातल्या तीनशेच्या वर लिफ्टमध्ये बटणांखाली आमची पिवळी पट्टी आहे, ‘लिफ्ट अडकल्यास या नंबरवर फोन करा’, आणि तो नंबर बाईंच्या टेबलावर वाजतो. आतला माणूस ओरडतो, रडतो, कधी बाईंनाच शिव्या घालतो. बाई म्हणतात, "घाबरू नका. माणूस निघालाय. तो येईपर्यंत मी फोन ठेवणार नाही." आणि ठेवत नाहीत. एका गरोदर बाईशी त्या पाऊण तास बोलत होत्या. मी दार उघडलं तेव्हा त्या दोघींचं बाळाच्या मोज्यांच्या रंगावर एकमत व्हायचं बाकी होतं.

फोन असा खणखणीत, पण त्याच फोन कंपनीच्या इंटरनेटने आमच्या नाकी नऊ आणले होते. लिफ्टचा नकाशा मागवावा तर तो अर्धा उघडून दोन मजल्यांच्या मध्येच थांबायचा. शेवटी मालकांनी ठरवलं, कंपनी बदलायची. नव्या कंपनीचा माणूस आला, कडक टाय बांधून. इंटरनेट आणि फोन एकाच वायरीवर, बिल एकच, नंबर तोच राहणार. आम्ही खूश झालो, सगळ्यांत जास्त मी.

"लाइट गेल्यावर हा फोन वाजतो का?" बाईंनी विचारलं.

टायवाला हसला. "मॅडम, आजकाल लाइट जातात कुठे?"

मला बाईंचा रागच आला. "बाई, प्रत्येक गोष्टीत खोट काढलीच पाहिजे का?"

बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "सोळा वर्षं लिफ्टची दारं उघडतोयस ना? मग सांग, माणसं लिफ्टमध्ये कधी अडकतात?"

बहुतेक वेळा लाइट गेल्यावरच अडकतात. जुन्या फोनची वायर स्वतःची वीज टेलिफोन एक्स्चेंजमधून आणते, त्यामुळे ऑफिसात अंधार झाला तरी तो वाजतो. नवा फोन आमच्याच विजेवर चालणार. म्हणजे ज्याच्यासाठी पट्टी लावली, त्याच्यावर वेळ आली की नेमका फोन मुका. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती, याची मला खरंच लाज वाटली.

मालक म्हणाले, "बाई, उद्या सही आहे."

"करा ना सही, साहेब. पण आधी चालवून बघू. आणि तोवर जुनी लाइन तोडायची नाही."

टायवाला दुसऱ्या दिवशी यंत्र आणि सोबत एक बॅटरी घेऊन आला. "दोन तास चालेल," म्हणाला. हातच्या कंकणाला आरसा कशाला? बाईंनी स्टुलावर चढून मेन स्विच खाली पाडला. पंखे थांबले. मी मोबाइलवरून नव्या फोनच्या तात्पुरत्या नंबरवर फोन लावला आणि तो वाजला! टायवाल्याची मान वीतभर उंच झाली.

"थांब, कापू नकोस," म्हणत बाई जिना उतरून गेल्या. वरपर्यंत येणारी वायर जिन्यातल्या, नव्या कंपनीच्या एका खोक्यातून निघत होती, आणि त्या खोक्याची पिन जिन्याच्या विजेवरच्या साध्या सॉकेटमध्ये होती. बाईंनी ती उपटली. वर फोन वाजता वाजता बंद पडला.

टायवाल्याचं तोंड एवढंसं झालं. पण माणूस प्रामाणिक निघाला. "हे आजवर मला कुणी विचारलंच नव्हतं," म्हणाला. आठ दिवसांत जिन्यातल्या खोक्यालाही बॅटरी बसली. त्यावरही काही बिनसलं तर फोन आपोआप माझ्या मोबाइलवर जाईल, अशी सोय झाली. बाईंनी हे सगळं लेखी घेतलं, पुन्हा दोन्हीकडची वीज बंद करून पाहिलं आणि मगच जुनी लाइन सोडू दिली.

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर धाडकन उडाला आणि अख्ख्या रस्त्याचे लाइट गेले. मालक केबिनमधून बाहेर आले. आम्ही सगळे फोनकडे बघत उभे राहिलो. एक मिनिट गेलं, दोन गेली, चार गेली. कुणी अडकलंच नाही की फोनच मेलाय, कळायला मार्ग नव्हता.

आणि फोन वाजला.

बाईंनी तो पहिल्याच रिंगला उचलला. आवाज नेहमीचाच होता. "हॅलो, बोला. कुठली लिफ्ट? चष्म्याच्या दुकानावरची? किती जण आहात आत?"

मालकांनी टाळी वाजवायला हात वर केले आणि बाईंनी डोळे वटारल्यावर तसेच खाली घेतले. मला इतका आनंद झाला होता की हत्यारांची पिशवी खांद्याला लावून मी दारातच खुळ्यासारखा हसत उभा होतो.

"घाबरू नका आजोबा, माणूस निघालाय," बाई सांगत होत्या. मग फोनवर हात ठेवून माझ्यावर खेकसल्या, "निघालाय म्हणून सांगितलंय ना मी? मग नीघ!"