पहिलीच्या वर्गाची राखण
शिवाजीनगरच्या बाजारात मोगऱ्याचा वास आला की अजूनही माझी पाठ ताठ होते. आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका रोज गजरा माळायच्या आणि न सांगता वर्गात शिरायच्या. एकदा मी पहिलीला बेडकाचं गाणं उड्या मारत शिकवत होते, तर मुलांसमोरच म्हणाल्या, “शिकवता येत नसेल तर घरी बसा.” दुसऱ्या दिवशी मी खुर्चीत बसूनच गाणं वाचू लागले. तेव्हा एक मुलगी उठून दाराशी उभी राहिली. “मिस, तुम्ही उड्या मारा. मॅडम आल्या की मी सांगते, सरी ना? ठीक आहे ना?” मी खरंच उठले, आणि वर्षभर तिच्या भरवशावर शिकवत राहिले. आता मॅडम बदलल्या आहेत. पण मुलं गाण्याच्या आधी माझ्याकडून भ्यायला शिकली, याची लाज जात नाही.