वळणावरचा भंडारा

तालुक्यात कुठेही सायकल शर्यत असली की पंच म्हणून मलाच बोलावतात. पंधरा वर्षं शाळेत पी.टी. मास्तर म्हणून शिट्टी फुंकतोय, आणि हा माणूस लबाडी वासावरून ओळखतो अशी माझी ख्याती आहे. चहा पिता पिता शाळेतलं कुणीतरी हमखास विचारतं, "मास्तर, यातली सगळ्यात वाईट लबाडी कुठली?" विचारणाऱ्याला दोन घटका गंमत हवी असते. मला त्यात गंमत वाटत नाही.

तरी सांगतो. शिट्टीच्या आधी पायडल मारणाऱ्याला मी चोर म्हणत नाही, उतावळा म्हणतो. चढावर गुळाच्या लॉरीची मागची साखळी धरून जाणारा लबाड खराच, पण एका हाताने हँडल सांभाळताना तो स्वतःचाच जीव पणाला लावतो. साखळी सुटली तर दात त्याचेच पडतात. शेतातल्या गाडीवाटेने आडवा घुसून मैलभर वाचवणारा त्याच्याहून वाईट, त्याला ना दम लागतो ना भीती वाटते. दोन चुलतभाऊ एकसारखा सदरा घालून अर्धी अर्धी शर्यत मारताना मी पकडले होते. एकाला मिशी होती, दुसऱ्याला नव्हती, आणि हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांच्यावर काय रागावणार? लॉरीवाल्यांकडून झोप न येण्याच्या गोळ्या घेऊन खाणारे असतात, ते आपलंच काळीज जाळतात. पण दुसऱ्याच्या चाकाची हवा जावी म्हणून वालट्यूब सैल करून ठेवणारा, वळणावर बाभळीचे काटे पसरणारा, त्याला मी जन्मभर शर्यतीत उभा राहू देत नाही. त्याला जिंकायचं नसतं, दुसऱ्याला पाडायचं असतं.

याच्याही वरची एक लबाडी आहे. तिच्यात हात हलवावा लागत नाही, घाम येत नाही, आणि करणारा देवाची शपथ घेऊन सांगू शकतो की मी काहीच केलं नाही. ती माझ्यावर झाली तेव्हा मी वीस वर्षांचा होतो.

मैसूर राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं, त्याच्या आदल्या मार्गशीर्षातली ही गोष्ट. त्या साली पावसाने दगा दिला होता. आमचे वडील, अप्पा, दुष्काळी कामावर सडकेची खडी फोडत होते आणि मी बाजारातल्या एका सायकल दुकानात पंक्चर काढत होतो. जत्रेच्या दिवशी आमच्याकडे सायकल शर्यत असे. तालुक्याच्या गावातून निघायचं, बारा मैलांवरच्या खंडोबाच्या देवळाला वळसा घालायचा आणि परत यायचं. सगळ्यांच्या सायकली त्याच, दूधवाल्याच्या असतात तशा काळ्या. मडगार्ड, कॅरियर, स्टँड उतरवून ठेवायचं, फ्रीव्हीलला तेल पाजायचं, झाली शर्यतीची गाडी.

त्या वर्षी नुसता फेटा-नारळ नव्हता. पहिल्या येणाऱ्याला जिल्ह्यातर्फे बेंगळूरच्या स्पर्धेला पाठवणार होते. बेंगळूरच्या स्पर्धेत उतरून आलेल्या पोराला पोलीस भरतीत घेतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. आमच्या गल्लीत तोवर कुणाच्या अंगावर खाकी चढली नव्हती. गल्लीतली म्हातारी माणसं पोलीस दिसला की अजून रस्त्याच्या कडेला होत. मला ती खाकी हवी होती, आणि माझ्यापेक्षा अप्पांना ती माझ्या अंगावर पाहायची होती. मी रोज पहाटे अप्पांना मागे बसवून, त्यांचा डबा हँडलला अडकवून कामावर सोडायला जायचो आणि तिथून पुढे आठ मैल नुसती सायकल पळवायचो.

आता ती रीत सांगायला हवी. वळसा घातल्याची खूण म्हणून देवळापुढे पुजारी भंडाऱ्याचं ताट घेऊन उभा राही. शर्यतवाला सायकलवरून न उतरता मान पुढे करी, पुजारी त्याच्या कपाळाला हळद फासे, आणि तो वळून परत निघे. कपाळ पिवळं म्हणजे वळसा पुरा. देवाचा भंडारा खोटा कोण लावून घेईल, असा लोकांचा भरवसा. खिशात हळदीची पुडी घालून नेणारे आणि निम्म्या वाटेत निंबाखाली बसून कपाळ रंगवणारे दोघं मला नावानिशी ठाऊक होते. भरवसा मात्र कायम होता.

आम्ही छप्पन साली बौद्ध झालेली माणसं. मी चार वर्षांचा असताना अप्पांनी घरातले देवांचे टाक ओढ्यात सोडले आणि देव्हाऱ्याच्या फळीवर माझी पाटी ठेवली. त्या फळीकडे बघत मी मोठा झालो. शर्यतीत मी नाव घातलं तेव्हा भंडाऱ्याचं काय करायचं, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही बोललो नाही. बहिणीने हँडलला निळी फीत बांधून दिली.

माझा दोस्त त्याच शर्यतीत होता. जमीनजुमला असलेल्या घरचा, पण दुकानात येऊन माझ्याबरोबर एका बशीतून चहा पिणारा. घरी नेलं नाही त्याने कधी, आणि मला त्याचं काही वाटत नसे. निघाल्यावर तिसऱ्या मैलाच्या चढावर त्याने गुळाच्या लॉरीची साखळी धरली. माझ्या अंगावरून वर जाताना त्याने डोळा मारला. मी हसलो. पुढे सपाटीवर मी त्याला गाठून मागे टाकलं, आणि देवळापाशी पोचलो तेव्हा तो माझ्या मागच्या चाकाला होता.

पुजाऱ्याने निळी फीत पाहिली. तो मला ओळखत होता, आमची सगळी घरं ओळखत होता. इतरांसाठी दोन पावलं पुढे येणारा तो माणूस होता तिथेच थांबला, ताटातली मूठ उचलली आणि लांबूनच माझ्याकडे उधळली. भंडारा खांद्यावर पडला, हँडलवर पडला. कपाळाला लागला नाही. मी वळलो आणि पायडल मारत सुटलो.

मी पहिला आलो. दोस्त दुसरा, दोन वावरं मागे. गर्दीने मला उचललं, मग कुणीतरी कपाळाकडे बोट दाखवलं आणि उचललेलं तसंच खाली ठेवलं. पंच बसले होते, त्यांचे अध्यक्ष गावचे मोठे अडते. त्यांनी मला शांतपणे विचारलं की भंडारा कुठे आहे. मी सांगितलं, पुजाऱ्यांनी लांबून टाकला, वारा होता, उडाला. सदऱ्यावर पिवळं आहे, बघा. ते म्हणाले, जत्रेत कुणाच्या सदऱ्यावर पिवळं नाही? मी म्हणालो, पुजाऱ्यांना विचारा. ते म्हणाले, एवढ्या गर्दीत पुजारी कुणाकुणाला ओळखून ठेवील? पाच-सात हातांवरून मला ओळखून ज्याचा पाय आखडला, त्याच पुजाऱ्याबद्दल हे बोलणं चाललं होतं.

मग अध्यक्षांनी माझ्या दोस्ताला पुढे बोलावलं. तो घामाने निथळत होता, कपाळावरची हळद भुवईत उतरली होती. मला हायसं वाटलं. हे खरं सांगतो, त्या घटकेला मला पोलिसाची टोपीसुद्धा दिसली.

"हा तुझ्याम्होरं व्हता. देवळाला वळला का न्हाई, तू बघितलास का?"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी माझ्या चाकाकडं बघायलो व्हतो. मला ठाव न्हाई."

एवढंच. मी वळलो नाही, असंही तो म्हणाला नाही. पंचांनी त्याला पहिला धरलं, फेटा त्याच्या डोक्यावर गेला. लॉरीची साखळी माझ्या जिभेवर आली होती. पण आता बोललो असतो तर हरलेल्या माणसाचा कांगावा ठरला असता, म्हणून गिळली. आजही ती घशात टोचते.

घरी पोचेपर्यंत बातमी माझ्या आधी पोचली होती. अप्पा उंबऱ्यात बसले होते, हातोडीने सोललेली बोटं चिंधीत गुंडाळत. मला त्यांना बरंच काही सांगायचं होतं. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "वारा व्हता म्हनं?"

"व्हय, अप्पा."

"मग माघारी फिरून लावून घ्यायचास की. घरी येऊन धुतलं असतास."

ज्याने टाक ओढ्यात सोडले, तो माणूस हे बोलला. मला त्यांचा इतका संताप आला की मी जेवलो नाही, चार दिवस त्यांच्याशी बोललो नाही, आणि त्यांना कामावर सोडायलाही गेलो नाही. ते चालत गेले. सांगायचं होतं ते तसंच राहिलं.

दोस्त बेंगळूरला गेला, तिथे कुठेतरी मागे पडला, पण भरतीत लागला. माझं वाटोळं झालं असं नाही. कोर्स केला, मास्तर झालो, बिदरला मैलूर भागात दोन खोल्या बांधल्या. पण पोलीस दिसला की माझं डोकं अजून फिरतं, आणि ही गोष्ट मी शाळेतल्या प्रत्येक तुकडीला सांगत आलोय: पुजाऱ्याचा हात, वारा, आणि दोस्ताचं 'ठाव न्हाई'. ऐकताना पोरं गप्प होतात. ते मला आवडतं, हेही कबूल करतो.

गेल्या वर्षी तो बिदरच्या बसस्टँडवर भेटला. आता गुलबर्ग्याला हवालदार आहे, पोट सुटलंय. निर्ण्याला बहिणीच्या सासरी निघाला होता. त्यानेच हाक मारली, चहा मागवला, आणि बशी पुढे सरकवायच्या आत म्हणाला की माझी बदनामी तू शाळेत करतोस हे माझ्या कानावर आलंय. मी म्हणालो, खरं तेच सांगतो. तो चिडला. त्याचा आवाज चढला तशी बाजूच्या बाकावरची माणसं बघायला लागली.

"मी काय खोटं बोललो? तू वारा म्हनायलास. कुठला वारा? पुजाऱ्यानं मूठ उचलली तवा तूच मान फिरवलास. लागू ने म्हनून फिरवलास. मी तुझ्या मागंच व्हतो, ह्या डोळ्यांनी बघितलो."

बोलून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो ते. सतरा वर्षं त्याने काही पाहिलं नव्हतं, आणि आज सगळं पाहिलं होतं. मी त्याला तिथेच धरायला हवं होतं. धरलं नाही, कारण तो खरं बोलत होता.

वारा नव्हता. मूठ अंगावर आली तेव्हा मी मान फिरवली होती. लांबून फेकलेलं घ्यायचं नाही म्हणून फिरवली, आणि घरातली ती फळी डोळ्यापुढे आली म्हणूनही फिरवली. पंचांपुढे ते बोललो असतो तर देवाचा अपमान केला म्हणून सगळी जत्रा आमच्या गल्लीवर चालून आली असती. मी भ्यालो आणि वारा म्हणालो. मग तोच शब्द पोरांना सांगितला, बायकोला सांगितला, सांगून सांगून मलाच खरा वाटायला लागला.

त्याची बस लागली, तो उठून गेला. चहाचे पैसे त्याने दिले होते.

अप्पा जाऊन सहा वर्षं झाली. दुखण्यात होते तेव्हा रोज त्यांच्या उशाशी बसत होतो, सवड भरपूर होती. अप्पा, तुम्ही देव सोडले म्हणून मीही मान फिरवली, एवढं एक वाक्य होतं. ते मी बोललो नाही. माझा पोरगा वाऱ्याने हरला, असंच समजून ते गेले.