निपाणीहून आलेली पिशवी

त्या पिशवीचा वास मला पिशवी दिसायच्या आधी आला.

बाळंतपणासाठी मी माहेरी वडगावला होते. बाहेर माझ्या वडिलांचे, आप्पांचे माग खडखडत होते आणि आतल्या खोलीत मी पडून होते, कुशीत मूठभर पोरगी, पोटावर सिझरियनचे ओले टाके. सासरची माणसं निपाणीहून बाळ बघायला आली. ती सोप्यात चपला काढताहेत तोवर इकडं माझ्या नाकात काहीतरी शिरलं. शिळ्या दुधाचा आंबूस वास, त्याखाली घाम आणि सगळ्यावर तंबाखू. ओकारी आली तर टाके तुटतील म्हणून मी पोटाशी उशी घट्ट धरली.

आधी आत्या आत आल्या. आमच्यात सासूला आत्या म्हणतात. मागून नवरा, त्याच्या मागून माझी मोठी नणंद आणि नणंदेच्या हातात ती. बेबी कॅरियर म्हणतात त्याला, छातीला बांधून त्यात बाळ बसवायचं. आत्या त्याला सरळ पिशवी म्हणत, आणि होतीही ती पिशवीच.

"हे घे," नणंद म्हणाली. "माझ्या दोन्ही पोरांनी वापरलीया. लई लकी हाय."

मी हात पुढं केला नाही. नवी होती तेव्हा आकाशी असावी, आता तिचा रंग भांडी पुसायच्या फडक्याचा झाला होता. बाळाचं तोंड टेकतं त्या जागचं कापड लाळ वाळून वाळून पापडासारखं कडक. चिकटपट्टीत केस अडकलेले, कुणाचे ते देव जाणे. शिवणीत पिवळसर काहीतरी सुकलेलं. नाचणीचं सत्त्व असेल, अशी मी माझी समजूत घातली. खांद्याचे पट्टे मानेच्या मळानं काळे तुळतुळीत. शी! रस्त्यात पडलेली दिसली असती तर मी पायानंसुद्धा बाजूला केली नसती.

"वास यायलाय हिला," मी म्हटलं.

तिघांनी पाळीपाळीनं नाकाला लावून बघितली. तिघांनी एकमेकांकडं बघितलं. "कसला?" नवरा म्हणाला.

त्यांना कसा येणार? आत्यांनी उमेदीची सगळी वर्षं तंबाखूच्या वखारीत चाळायला जाऊन घर ओढलं. नणंद दिली ती तंबाखूच्याच व्यापाऱ्याच्या घरात. तिच्या सोप्यात पोत्यांची थप्पी आणि थप्पीच्या वरच्या खुंटीला ही पिशवी, पोरं मोठी झाली तेव्हापासून. लग्न होऊन मी निपाणीला गेले तेव्हा सुरुवातीला नुसती शिंकत होते. उशीला तंबाखू, टॉवेलला तंबाखू, देवघरातल्या वातीला तंबाखू. माणसं मात्र मायाळू, अगदी जीव लावणारी. म्हणून तर बोलायची पंचाईत.

आता मुळात ही पिशवी आली का, ते सांगते. आमच्याकडं तान्ह्या बाळाला बारशापर्यंत नवं कापड घालत नाहीत. कुणाच्यातरी धडधाकट पोराचं वापरलेलं आंगडं-टोपरं मागून आणायचं, म्हणजे त्याचं आयुष्य ह्याला लागतं. माझी त्याला ना नाही. धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड कोवळ्या अंगाला बरंच, नव्याची खळ टोचते. आईनं माझ्या मावसबहिणीच्या पोराची आंगडी आणली होती, ती साबणाच्या पाण्यात उकळून, कडक उन्हात वाळवून. पण ती रीत कॅरियरला लावायची? तिला बकलं आहेत, पट्टे आहेत, आत फोम आहे. ते काय आंगडं आहे?

आत्यांच्या हिशेबी होतं. "अंगाला लागतंय न्हवं? मग कापडच ते. बारशापातूर जुनंच वापरायचं."

"मग डॉक्टरनं सुई पण वापरलेलीच टोचायची का, आत्या? आयुष्य लागतंय म्हणून?"

आईनं मागून मला असा चिमटा काढला की टाक्यांपर्यंत कळ गेली. "गप बस गं. सासरची माणसं हायत."

मला राग ह्याचा होता की मी माझं कॅरियर आधीच निवडून आणलं होतं आणि ते कपाटात पडून होतं. पोटुशी असताना मी बाजारातल्या दुकानात जाऊन, बाळाच्या जागी दुकानातली बाहुली धरून, एकेक बांधून बघितलं होतं. एकात बाहुलीचे पाय खाली लोंबत होते. एकात कापड कडीतून ओवून एकाच खांद्यावर घ्यायचं, ते माझ्या खांद्याला पेलेना. शेवटी लांबलचक सुती पट्टा घेतला. तो अंगाभोवती गुंडाळायचा, मग बाळ छातीवर उंच बसतं, पाय बेडकासारखे दुमडून, आणि मानेला कापडाचा आधार राहतो. मान खाली घातली की आपल्याला बाळाच्या टाळूचा मुका घेता येतो. घरी आणल्यावर आरशासमोर लोड बांधून तालीम केली. आई हसून हसून दमली. लोडाला गुंडाळलेलं कापड नवंच होतं, तेव्हा कुणाला रीत आठवली नाही.

निघताना नणंद उंबऱ्यातून परत फिरली. "आणि ती धुऊ नको हां. आतला फोम कुजतोय."

म्हणजे धुतलीच नव्हती! दोन पोरं तिच्यात वाढली, ओकली, मुतली, आणि ती तशीच खुंटीला. मी आईला म्हटलं, ती परसात नेऊन टाक. आईनं परसात नाही, पण कपाटावर टाकली. रात्रंदिवस तो वास वरून खाली येत राहिला आणि मी बाळाचं तोंड भिंतीकडं करून पाजत राहिले.

नंतर बाळाच्या डोळ्यांत पिवळेपणा दिसायला लागला. कावीळ तपासायला टिळकवाडीत डॉक्टरांकडं न्यायचं ठरलं. नवरा त्यासाठी निपाणीहून आला. पाइपलाइनसाठी आमचा रस्ता उकरून टाकलेला, रिक्षा नुसती उड्या मारत जाते. पोटाशी बाळ धरून तेवढं बसायची माझी ताकद नव्हती. मी कपाटातून माझा पट्टा काढायला गेले तर आई कपाटाला पाठ लावून उभी. "बारसं होऊ दे. मग हवं तेवढं बांध. उगं त्यांच्या मनात किंतू नको."

मी वळून बघते तर नवऱ्यानं ती पिशवी काढून छातीला अडकवलीसुद्धा होती. "बघ, किती सोपं हाय. दोन बकलं, खट् खट्." आणि माझी आंघोळ घातलेली, तेल-पावडर लावलेली पोरगी त्यानं त्या घाणीत बसवली. मी बोलले, पुष्कळ बोलले. तो म्हणाला, "तुझं नाक बाळंतपणानं बिघडलंय. परत आल्यावर बोलू की."

रेल्वेचं गेट पडलेलं होतं. थांबलेल्या रिक्षात तो वास असा कोंडला की मी बाहेर डोकं काढून बसले. पोरगी झोपली होती. दवाखान्यात पोचलो, तिथं बाकावर बसलेल्या बायका कौतुकानं बघायला लागल्या. "अय्यो, किती शांत हाय बाळ! बाबाच्या छातीवर कशी निवांत झोपलीय." नवरा फुलून गेला. फोन काढून स्वतःचा आणि तिचा फोटो घ्यायला लागला. "एकदा पण रडली न्हाय बघ," तो मला म्हणाला.

आमची पोरगी टोपरं सरकलं तरी घर डोक्यावर घेणारी. रिक्षाच्या एवढ्या हादऱ्यात ती रडत कशी नाही?

मी वरून डोकावले. नुसतं टोपरं दिसत होतं. ते मागं सारलं. तिची हनुवटी छातीला टेकली होती, सगळं अंग पिशवीच्या बुडाशी गोळा झालं होतं आणि नाक, माझ्या पोरीचं एवढंसं नाक, त्या पापडासारख्या कडक जागेवर दाबून चपटं झालं होतं. ओठ निळसर. मी बकल ओढलं, ते निघेना. चिकटपट्टी फराफरा ओढली, नवऱ्याचा फोन खाली पडला, तो "अगं, अगं" करत राहिला. मी तिला काखेत हात घालून वर खेचली. ती लोंबत राहिली. मग तिनं कोंडलेल्या गळ्यातून एक बारीक आवाज काढून श्वास ओढला आणि अशी किंचाळली की बाकावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. गालावर शिवणीचा वण उठला होता आणि नाकपुडीच्या कडेला तपकिरी भुकटी लागली होती. मी ती माझ्या पदरानं पुसली.

डॉक्टरबाईंनी लगेच आत घेतलं. तपासलं, छाती ऐकली, कावीळही उतरणीला होती. सगळं ठीक, म्हणाल्या. मग पिशवी चिमटीत धरून बघितली. "हे मान धरणाऱ्या बाळासाठी आहे. एवढ्याशा बाळाची हनुवटी छातीला टेकली की श्वासाची नळी दबते. ते रडू शकत नाही, आवाजच निघत नाही. तोंड कायम दिसलं पाहिजे." आणि नाकाला रुमाल लावून पिशवी लांब ठेवली. निदान एका माणसाला तरी वास आला, बरं वाटलं.

परत येताना बाळ माझ्या हातात होतं, पिशवी नवऱ्याच्या पायाशी. टाके ठणकत होते, पण मी कुणाला देणार नव्हते. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक. घर जवळ आलं तसं तो हळूच म्हणाला, "आईला काय सांगू नको."

त्या पिशवीची आली नव्हती एवढी किळस मला त्या वाक्याची आली. पोरीचा श्वास अडकला होता आणि ह्याला चिंता कशाची, तर आईला वाईट वाटेल ह्याची. मी त्याच्याकडं बघितलंही नाही. बघितलं असतं तर रिक्षातच वाभाडे काढले असते.

बारशाच्या आदल्या दिवशी सकाळी मी परसात बादलीभर कढत पाणी घेतलं, साबणाची पूड टाकली आणि ती पिशवी त्यात बुडवली. फोम कुजू दे, नाहीतर सडू दे. काठीनं नुसती खाली दाबली तर पाणी तपकिरी झालं. थोड्या वेळानं बघितलं तर बिनदुधाच्या चहासारखं काळं, वर फेसाचा मळकट थर आणि त्यात केस तरंगताहेत. आई म्हणाली, ओत ते, सासू यायच्या आत. मी ओतलं नाही. मुद्दाम ठेवलं.

आत्या आल्या, हातपाय धुवायला परसात गेल्या आणि बादली बघून तिथंच थबकल्या. "धुतलीस? सांगितलंवतं न्हवं माझ्या लेकीनं, धुऊ नको म्हणून?"

"धुतली."

"आमच्या घरचा वास तुला घाण वाटतोय व्हय गं?"

"व्हय," मी म्हटलं. "घाण वाटतोय. ओकारी येते मला. आणि ऐका, आत्या. परवा दवाखान्यात हिचा श्वास अडकलावता ह्या पिशवीत. ओठ निळे पडलेवते. विचारा तुमच्या लेकाला."

नवरा दारात उभा होता. आत्यांनी त्याच्याकडं बघितलं. "व्हय रं?"

त्यानं मान डोलावली. मी तयार होते, त्या आता रडतील किंवा भांडतील, नाहीतर देवाला मध्ये आणतील. पण त्या बादलीजवळ उकिडव्या बसल्या. पाण्यात हात घालून पट्टा वर काढला आणि पिळला. त्यातून आणखी काळं पाणी आलं. परत बुडवून परत पिळला. तरी काळंच.

"ही नुसती खुंटीला हुती," त्या म्हणाल्या.

"व्हय."

"मी तर वखारीत आत बसत हुते. दार लावून चाळायचं, वारं लागलं तर माल उडतोय म्हणून. तोंडाला नुसता पदर." त्या पाण्याकडंच बघत होत्या. "मग माझ्या आत किती साठलं असंल गं?"

त्यांनी मला खरंच विचारलं होतं. मी शिकलेली, फोनवर वाचणारी, मला माहीत असेल असं त्यांना वाटलं. पण मी सगळं वाचलं होतं ते बाळाच्या नाकापुरतं. त्यांच्या खोकल्याचा मला आजवर फक्त त्रास झाला होता.

त्या उठल्या. मोरीवर जाऊन साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, परत धुतले, चूळ भरली. ओले हात पुढं धरून खोलीत आल्या. मी मागोमाग आत येऊन बाळ त्यांच्याकडं केलं, तर त्या मागं सरकल्या.

"नगं," त्या म्हणाल्या. "माझ्या साडीला बी आसंल."

खोटं कशाला बोलू, वास होताच. "असू दे, घ्या" असं माझ्या तोंडून निघालं नाही. मी कपाट उघडलं आणि माझी एक धुतलेली सुती साडी काढून त्यांच्या हातात दिली. त्या दाराआड जाऊन ती नेसून आल्या, पदर नाकाला लावून एकदा हुंगला आणि मग खाली बसून मांडी घातली.

"आता दे," त्या म्हणाल्या. "तोंड दिसल असं ठेव."