बोराटीच्या बुडाशी अंजन

आईचा फोन आला तेव्हा मी वर्गात परीक्षेचे पेपर वाटत होते. "तुहे बाबा सकायीच इळा घेऊन वावरात गेले," ती म्हणाली आणि फोन ठेवला. आईनं असा मधेच फोन ठेवला की समजावं, ती थांबवायला गेली होती आणि बाबांनी ऐकलं नाही. पेपर दुसऱ्या बाईंच्या हाती दिले, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि अमरावतीहून नांदगाव खंडेश्वरची बस धरली.

आधी वावराचं सांगते. बडनेऱ्याला रेल्वेत नोकरी करून निवृत्त झाल्यावर बाबांनी, तिथंच राहून, नांदगावच्या पुढं रस्त्याला लागून एक तुकडा घेतला. नुसता मुरूम, बरड जमीन. काळ्या मातीच्या मुलखात असा तुकडा घेणाऱ्याला लोक वेड्यात काढतात, तसं बाबांनाही काढलं. पण आमच्या घराण्यातली ही पहिलीच जमीन. मागचे सगळे दुसऱ्यांच्या वावरात राबले. तिथं बाबांना अंजनाची झाडं हवी होती. अंजन मुरमात रुजतं, पण फार सावकाश. सुरुवातीची वर्षं ते वर वाढण्यापेक्षा खाली मूळ सोडण्यातच घालवतं. या वयात हा हट्ट कशाला, असं मी एकदा विचारलं. "सोताच्या झाडाखाली बसाले," एवढंच म्हणाले.

पहिल्या वर्षी त्यांनी कपाशी निंदावी तसं ते बरड निंदून काढलं. गवताची काडी ठेवली नाही. रोपं पावसाळाभर ऐटीत उभी होती, हिवाळाही त्यांनी काढला. मग ऊन तापलं. उघडा मुरूम तव्यासारखा भाजायला लागला आणि मे संपायच्या आत सगळी वाळली. दुसऱ्या वर्षी बाबा रुसले आणि काहीच केलं नाही. तेव्हा पावसाळ्यातच गवत रोपांच्या डोक्यावरून गेलं, मुळाशी मुरणारं पाणी त्यानंच पिऊन घेतलं. रोपं पिवळी पडून दिवाळीच्या आधी गेली.

"आता एकच खेप," बाबांनी जाहीर केलं. "या खेपेले बी गेली तं वावर इकून टाकतो." बाबा बोलले की करतात. घ्यायला एक जण तयारही होता.

तिसऱ्या वर्षी मी मधे पडले. मी विज्ञान शिकवते, आणि खोटं कशाला बोलू, मला सांगायला आवडतं. पावसाळ्यात गवत रोपाच्या तोंडचं पाणी पळवतं, तेव्हा रोपाभोवतीचं तेवढं कापायचं. पाऊस संपला की त्याच गवताला हात लावायचा नाही, कारण वाळल्यावर त्याला पाणी लागत नाही आणि त्याची सावली मात्र रोपाला मिळते. आणि बी पेरायचं ते बोराटीच्या झुडपांच्या बुडाशी. बोराटीची पानं झडली तरी काट्यांची जाळी ऊन चाळून घेते, आणि बकरी तोंड घालत नाही. बाबांनी ऐकून घेतलं. "पेटलं तं?" एवढाच त्यांचा प्रश्न होता, आणि तो खोटा नव्हता. उन्हाळ्यात आजूबाजूचे लोक धुऱ्यांवरचं, म्हणजे बांधांवरचं, गवत पेटवतात; वाळलं गवत एका ठिणगीत जातं. म्हणून धुऱ्याकडेनं आम्ही एक रुंद पट्टा खरवडून मोकळा ठेवला. तरी हवेला जळका वास आला की माझा जीव खालीवर व्हायचा.

आगीनं काही केलं नाही. केलं ते पाहुण्यांनी. अकोल्याहून बाबांचे चुलतभाऊ लग्नाच्या निमित्तानं येणार होते आणि वावर पाहायचं म्हणाले होते. आठ दिवस बाबा घरात येरझारा घालत होते. गवत कमरेला आलं होतं, कुसळं धोतराला लागत होती, आणि रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण काहीतरी बोलून जात होता. मला हे सगळं दिसत होतं. तरी माझं इतकं ऐकल्यावर बाबा आता मधेच इळा उचलतील, असं वाटलं नव्हतं.

बस जिथं तिथं थांबत होती. नांदगावला उतरून ऑटो केला. वावर दिसायला लागलं तसा रस्त्याकडचा अर्धा भाग स्वच्छ दिसला. गवत कापून ढीग लावलेले, बोराट्या बुडातून तोडून धुऱ्यावर ओढलेल्या. आणि उघड्या मुरमात, भर उन्हात, बोटाएवढी अंजनाची रोपं.

बाबा पुढच्या बोराटीशी वाकले होते. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. असा हात मी त्यांचा जन्मात धरला नव्हता.

"बाबा, काय करून राहिले तुमी? मरतीन ना हे."

"सोड."

"पाहुणे एका दिवसाचे हायत. रोपं..."

"तुले गवत दिसते," ते म्हणाले. "मले लोकं दिसतात." त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "माहा बाप लोकाइच्या वावरात निंदाले जाये. एक काडी राह्यली तं मालक साऱ्याइच्या समोर शिव्या दे. त्यानं दुसऱ्याचं वावर आरशावानी ठेवलं. आन माह्या वावरात हे रान काहून? लोकं म्हनतात, याइले जमीन भेटली, पन ठेवता येत नाई."

मी सावली, ओल, मुळं असं सगळं सांगितलं होतं. हे मात्र कधी विचारलंच नव्हतं. रडू आलं आणि रागही आला, बाबांचा नव्हे, त्या मेलेल्या मालकाचा. मी हात सोडला. पुढची बोराटी तोडली असती तर मी अडवू शकले नसते.

बाबांनी इळा खाली ठेवला. मग "पानी दे," म्हणाले. त्या दिवशी पुढं त्यांनी काही कापलं नाही. पाहुणे आले, रस्त्याकडची साफ बाजू पाहिली, मागचं पाहून गालात हसले आणि जेवायला गेले. बाबा जेवले नाहीत.

मे महिना आम्ही दोघांनी एकमेकांशी न बोलता काढला. वावर घेणाऱ्या माणसाचे फोन येत होते. "महिनाखेरीस सांगतो," असं बाबा त्याला म्हणताना मी ऐकलं. मी दर रविवारी बडनेऱ्याला जाऊन येई, पण वावराचं नाव काढायची हिंमत झाली नाही.

महिनाखेरीस बाबाच म्हणाले, चाल. साफ केलेल्या भागात त्यांनी एकेका रोपाची साल नखानं खरवडून पाहिली. आत लाकूड कोरडं होतं. एकही जिवंत नव्हतं. मग ते गवतात शिरले, पहिल्या बोराटीपाशी गुडघ्यावर बसले आणि काट्यात हात घातला. मनगटावर रक्ताची रेघ उमटली. काड्या बाजूला सारल्या तर आत अंजनाची जोडपानं होती, हिरवी, ताठ. दुसऱ्या झुडपात रोप होतं. तिसऱ्यात नव्हतं. त्याच्या पलीकडे होतं.

तेवढ्यात रस्त्यावर एक मोटरसायकल थांबली. कपाशीवाला कुणी ओळखीचा होता. "काकाजी," तो ओरडला, "लय रान माजलं न तुमचं. मानसं पाठवू काय साफ कराले?"

बाबा उठून उभे राहिले. धोतराला कुसळं, हाताला रक्त. मला वाटलं, आता ते खाली बघतील. बघितलं नाही.

"नोको," ते म्हणाले. "वावर माहं हाय. असंच राह्यल."