मशीनला मेव्हणा नसतो

आमच्या घरात लग्न असो, बारसं असो, जेवणं उरकली की कुणीतरी म्हणतंच, "ती कॉम्प्युटरची सांग की!" मग मी सांगतो. सगळे हसतात, मीही हसतो. आपल्याच गोष्टीला आपणच आधी हसायची वाईट खोड आहे मला. पण त्या गोष्टीत एक जागा आहे, तिथं मी दरवेळी उडी मारून पुढं जातो. इतकी वर्षं मारतोय की आता उडी दिसतसुद्धा नाही. बायकोला ती जागा ठाऊक नाही. माझ्या थोरल्या बहिणीला, आक्काला, तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतो — का, ते मलाही नीट कळलेलं नाही.

गोष्ट सुरू होते लाखेपासून. नव्वदच्या दशकात सरकारी टेंडर म्हणजे बंद पाकीट, वर लाखेचं सील. पाकीट पेटीत पडायचं आणि उघडायच्या आधीच आतला दर बाहेर फिरत असायचा. लाख जागच्या जागी, पाकीट खालून सुटलेलं! वाफेच्या किटलीवर पाकीट धरणाऱ्या कारकुनाची मी नक्कल करतो, पोरं लोळतात.

मग पुढच्या दशकाच्या अखेरीला टेंडरं ऑनलाइन व्हायला लागली. माझं तेव्हा स्टँडजवळ सायबर कॅफे होतं. चार कॉम्प्युटर, त्यातले दोन चालू. टेंडर भरणाऱ्या प्रत्येकाला सहीसाठी पेनड्राइव्हसारखी एक किल्ली मिळायची. ती ज्याची त्यानं जपायची, पासवर्ड कुणाला सांगायचा नाही. आणि आमच्या लोकांनी काय केलं? पिठाच्या गिरणीत डबे ठेवून जावेत तशा किल्ल्या माझ्याकडं ठेवून गेले, वर चिकटपट्टीवर नाव आणि पासवर्ड. एकमेकांच्या विरुद्ध दर भरणारे सगळे, आणि टाइप करणारा हात एकच — माझा. इथं हशा हमखास येतो.

त्यात कबनूरचे बाळगोंडाआप्पा होते. घरचे यंत्रमाग. पाकिटांच्या काळात इतक्यांदा फसलेले की टेंडर भरणं त्यांनी सोडूनच दिलं होतं. ऑनलाइन झाल्याचं कळलं तसे एस.टी.नं आले. किल्लीला हळदकुंकू लावलेलं. सरकारी दवाखान्यांच्या चादरींचं टेंडर होतं. "पोरगं म्हणतंय माग मोडीत घालूया," आप्पा म्हणाले. "त्याला म्हटलं, ह्ये एक भरू दे. मिळालं तर माग माझं, न्हाय मिळालं तर तुझं."

असं बोलणं झालं होतं. मला माहीत होतं, बरं का.

सगळं भरून झालं. दर टाकला. आता फक्त बटण दाबायचं, तेवढ्यात आप्पा उठले. "थांबा पावणं. आंबाबाईला जाऊन येतो, मग दाबू. माझ्या हातानं दाबणार." आणि गेले. कॉम्प्युटरचा पडदा तसाच उघडा.

आणि दाजी आले; मांडवात हे मी सांगत नाही. दाजी म्हणजे आक्काचे यजमान, गारगोटीला कापडाचं मोठं दुकान. त्यांनाही हेच टेंडर भरायचं होतं. माझ्या कॅफेला सुरुवातीचं भांडवल त्यांचंच... पण ते राहू दे. सबबीसारखं वाटतं ते. दाजी दारातल्या बाकावर बसले.

"काय रे, लई गर्दी?"

"न्हाय दाजी. कबनूरचे आप्पा आलेत. देवळात गेलेत."

"असं व्हय." त्यांनी कॉम्प्युटरकडं पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडं पाहिलं. "चहा घेऊन ये की जरा. मला नको, तू घे. दमलायस."

आता हे ऐका. माझ्या दुकानात चहा समोरच्या गाड्यावरून यायचा. नुसता हात केला की यायचा. मी कधी उठून गेलो होतो? आठवत नाही. त्या दिवशी गेलो.

परत आलो तर दाजी बाकावर पेपर वाचत होते. माझ्या कॉम्प्युटरला थोडा वेळ हात लागला नाही की पडद्यावर रंगीत मासे पोहायला लागायचे. एव्हाना ते दिसायला हवे होते. मासे नव्हते. आप्पांचा दर लख्ख दिसत होता.

मी जाऊन माझ्या खुर्चीवर बसलो.

आप्पा आले, कपाळभर कुंकू. बोट पुढं करून बटण दाबलं, हात जोडले. मला प्रसादाचा पेढा दिला. बाकाकडं वळून विचारलं, "ह्ये कोन?"

"गिऱ्हाईक आहेत," मी म्हणालो.

"घ्या की पावणं, तुम्हीबी घ्या." दाजींनी दोन्ही हात पुढं करून प्रसाद घेतला.

मुदत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होती. सकाळी दाजींनी दर सांगितला. आप्पांच्या दराच्या जरासाच खाली. मी टाइप केला. एकही चूक न होता टाइप झालं.

निकाल बघायला आप्पा माझ्याचकडं आले. पडद्यावरचे दोन्ही दर बोट ठेवून वाचले. मग म्हणाले, "थोडक्यात हुकलं. पर चोरी न्हाय झाली, बघा. मशीनला मेव्हणा नसतोय!"

हे माझ्या गोष्टीतलं शेवटचं वाक्य. ह्यावर मांडव हसतो. दाजी असतील तर सगळ्यात मोठ्यानं तेच हसतात.

मी तिथं थांबतो. आप्पा थांबले नव्हते. उठता उठता ते म्हणाले होते, "म्हंजे चुकलं ते माझंच. सुताचा हिशेब आता जमत न्हाय मला. पोरगं खरं सांगत हुतं." पाकिटाच्या काळात हरले की शिव्या घालायला त्यांना साहेब होता, कारकून होता. घरी जाऊन ताठ मानेनं सांगता येत होतं, मला फसवलं म्हणून. मी तेही ठेवलं नाही. त्यांनी स्वतःलाच नालायक ठरवलं आणि माग मुलाच्या हवाली केले. ते मोडीत गेल्याचं मला दुसऱ्याच एका गिऱ्हाइकाकडून कळलं. आप्पा पुन्हा आले नाहीत.

मी स्वतःला पुष्कळ समजावलं. मी दर सांगितला नाही, दाखवला नाही. माणूस चहाला जात नाही का?

पण ज्यासाठी उडी मारतो ती जागा मागंच राहिली, चहाच्या गाड्यावर. गाड्यावर माझा कप संपला तेव्हा मी वळून दुकानाकडं पाहिलं. दाजी अजून बाकावरच होते, जागचे हललेले नव्हते. आत पडद्यावर मासे पोहत होते. रस्ता ओलांडला असता तर काहीच झालं नसतं.

मी गाडेवाल्याला म्हणालो, "अजून एक दे."