पाळकसाहेबांचा तक्ता

पाळकसाहेब गेल्याचा फोन आला तेव्हा मी आखाडा बाळापूरच्या बाजारात भेंडी निवडत होतो. सांगायला लाज वाटते, पण पहिला विचार मनात आला तो हा, की आता कळेल, या माणसानं आपल्या जागी कुणाला बसवायचं ठरवलं होतं. दोन महिने आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो... म्हणजे मीच बोललो नव्हतो.

आमची ख्रिस्ती मंडळी जेमतेम तीस घरांची, पण साहेबांना वर्षभराचा तक्ता केल्याशिवाय चैन पडायची नाही. सोयाबीन काढणीच्या दिवसांत उपासना सकाळी सातला, चर्चचे पत्रे कोणत्या महिन्यात बदलायचे, कोणत्या आजाऱ्याकडे कुणी जायचं, सगळं नावानिशी भिंतीवर. प्रार्थना करणाऱ्या माणसानं इतकं आखावं, हे मला पहिल्यापासून खटकायचं. एकदा तोंडावरच विचारलं, "साहेब, समदं तुमीच ठरवून राहिले, तर देवानं काय करावं?" ते हसले. "देवानं तरी समदं एका दिवसात कुठं केलं, यशवंतभाऊ? आधी उजेड, मग पाणी, जमीन. माणूस शेवटी. आधी केला असता तर उभा कुठं राहिला असता?" उत्तर बिनतोड होतं, म्हणून मला जास्तच संशय आला.

मग या वर्षी त्यांनी गायन माझ्याकडून काढून शाळेतल्या शीलाबाईंना दिलं. वीस वर्षं पेटी माझ्या हातात होती! आणि मला काय, तर घरभेटी. मी मनात म्हटलं, डाव कळला. मला बाजूला सारून पुढारीपण शीलाबाईंना देणार. "काहून, साहेब?" एवढंच विचारलं. "वेळ आली की सांगतो," म्हणाले. त्यानंतर मी त्यांच्या घरी पाय ठेवला नाही. ते नांदेडला दवाखान्यात जायचे, तेव्हाही मला वाटायचं, दवाखाना निमित्त, वरच्या लोकांना भेटून काहीतरी पक्कं करून येतात.

अंत्यविधी कुणी कुणाला काम न सांगता पार पडला. कबर, पाहुण्यांचं जेवण, गायन, ज्याचं काम त्याला ठाऊक होतं. आठव्या दिवशी पाळकीणबाईंनी नवा तक्ता माझ्या हातात ठेवला. अक्षर साहेबांचंच, जरा थरथरलेलं. पुढारी म्हणून कुणाचंच नाव नव्हतं, कामं तेवढी वाटून दिलेली. घरभेटींच्या खाली शेवटची ओळ होती : गुरुवार, पाळकाचं घर, यशवंतभाऊ.

"डॉक्टरनं नाताळातच सांगितलं होतं त्यांना," बाई म्हणाल्या. "मी म्हणलं, भाऊ तर बोलत न्हाईत. तर म्हणले, गाणारं कोणीबी भेटल. रडणाऱ्याजवळ गप बसणारे तेच एक हायेत."

माझा रागसुद्धा त्यांनी आधीच हिशेबात धरला होता की काय, असा संशय मला अजून येतो. गेल्या गुरुवारी जायला उशीर झाला, तर बाई दारात उभ्या. "ते म्हणले होते, भाऊ चारला येतील..." साडेचार वाजून गेले होते. मी आत जाऊन साहेबांच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसलो आणि मलाच रडू फुटलं. बाई काही न बोलता शेजारी बसून राहिल्या.