थंड पाण्यातली काच

आमच्या साडभाऊंनी नदीतल्या गोट्यांवरच्या बुळबुळीत थरावर जितकं प्रेम केलं, तितकं माणसांनी माणसांवर केलं असतं तर पांढुर्ण्याचं कोर्ट ओस पडलं असतं. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, म्हणून सारं पांढुर्णा त्यांना सर म्हणतं आणि मीही सरच म्हणतो. रिटायर झाल्यावर लोक संत्र्याच्या बगीच्यात लक्ष घालतात, नातवंडं खेळवतात. सरांनी एक जुना सूक्ष्मदर्शक, अर्धा डझन टूथब्रश आणि जाम नदी एवढ्यावर नवा संसार मांडला. ज्या तपकिरी थरावरून आपण घसरतो आणि नदीला शिव्या देतो, त्यात म्हणे डायटम नावाचे एकपेशीय जीव राहतात आणि प्रत्येकाचं घर काचेचं असतं, कुंकवाच्या करंड्यासारखं, झाकणासकट.

या काचेनं सरांना वेड लावलं. "आपल्याले काच बनवाची म्हटलं तं केवढी भट्टी लागते! अन् हे पोट्टे थंड्या पाण्यात बसल्या बसल्या बनवून राह्यले," असं ते भेटेल त्याला सांगत. पाण्यात वाळूचा अंश विरघळलेला असतो, तो हा जीव शोषून घेतो. मग आतली प्रथिनं स्लॅबच्या सेंटरिंगसारखा आधी आकार धरतात आणि काच त्या आकारात बसते. हे ज्ञान मला एका लग्नाच्या पंगतीत मिळालं. वाढप्यानं "वरण घेता का?" एवढंच विचारलं होतं. सरांनी त्याचा हात धरून, प्रथिनं फक्त डाळीत नसतात, इथून सुरुवात केली. वरण गार झालं, मागची पंगत ताटकळली आणि शेवटी नवरीच्या मामानं येऊन हात जोडले.

ताई, म्हणजे सरांच्या बायको, हे सगळं सोसत आल्या. एकदा शेतात ज्वारीच्या पातीनं त्यांचं बोट कापलं. सर धावत आले आणि आधी पात उचलून उन्हात धरली. "माह्या बोटातून रक्त येऊन राह्यलं, अन् हे पानाचं कौतुक करून राह्यले!" ताई आजही ऐकवतात. सरांचं म्हणणं असं की पातीतही काच असते. तिथली पेशी प्रथिन बाहेर सोडते, काच जमवते आणि ते करता करता मरून जाते. हे सांगताना मात्र त्यांचा आवाज खाली येई. "पानाले ताठ उभं ठेवून जाते बिचारी," ते म्हणत.

खरा घोटाळा झाला तो एका पोळ्याच्या तोंडावर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकतात, ती आमची गोटमार. सर पांढुर्ण्याचे, आणि आम्हा दोघांची सासुरवाडी सावरगावची. अशा दिवसांत हा जावई नदीत उकिडवा बसून एकेक गोटा उचलतो, घासतो आणि नीट ओळीत मांडतो, हे पाहून काठावर माणसं जमली. "सर, सासऱ्याच्या पार्टीले गोटे निवडून देऊन राह्यले का?" एका म्हाताऱ्यानं दरडावलं. "गोटे तुमचेच हायेत बाप्पा, मले फक्त वरचा मळ पाह्यजे," असं म्हणून सरांनी मळाचं माहात्म्य सुरू केलं. दहा मिनिटांत काठ रिकामा झाला.

दरवर्षी पूर गोट्यांवरचा थर घासून नेतो. पूर ओसरल्यावर ती काचेची घरं पुन्हा कधी येतात, हे सर चित्रांसह वहीत टिपत. यंदा वही कोरी राहिली. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याचा पडदा गेला आहे. कडेचं दिसेल, मधलं दिसणार नाही. सूक्ष्मदर्शकात पाहायचं ते सगळं मधेच असतं. दिवाळीनंतर एका रविवारी मी सौंसरहून त्यांच्याकडे गेलो, तर सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी तयार होती. "हिनंच गोटा घासून मळ आणला. तुम्ही पाहा अन् मले सांगा, आले का. तुम्ही इतकी वर्षं पाहून राह्यले, तुमच्यावर भरवसा हाय."

इतकी वर्षं मी त्या नळीला डोळा लावून "वा, वा" म्हणत आलो होतो आणि मला माझ्या पापण्यांखेरीज कधीच काही दिसलं नव्हतं. आताही "आले" म्हणणं सोपं होतं. पण सर मान तिरपी करून माझ्याकडे पाहत होते, कारण आता त्यांना समोरचा माणूस तसाच दिसतो. मला खोटं बोलवेना. मी कबूल केलं, आणि मला फार लाज वाटली.

सर रागावले नाहीत. "चष्मा काढा. डोळा थोडा मांगं घ्या. आता चाक हळू फिरवा, घाई नोका करू." मी फिरवत राहिलो. नुसतं धूसर होतं. मग अचानक होडीसारखा एक लांबट, आरपार तुकडा दिसला, त्यावर कंगव्याच्या दातांसारख्या एकसारख्या रेघा. शेजारी दुसरा, पलीकडे तिसरा. मी मनातल्या मनात मोजायला लागलो.

"काय झालं? नाही आले का?" सरांनी घाबरून विचारलं.

"आले सर. पुष्कळ आले."

त्यांनी चाचपडत वही ओढली आणि पेन्सिल धरली. "मंग सांगा. सावकाश सांगा." मी एकेक रेघ सांगत गेलो, ते काढत गेले. पेन्सिल कागदाबाहेर जायला लागली की ताई वही सरकवून तिच्याखाली आणत होत्या.